खुणांचा तक्ता

पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, शेवटचं पुस्तक आम्ही पाच जण मिळून वाचायचो. दर रविवारी दुपारी चारला, चिखलीत माझ्या घरी. मी, माझी बायको, बुलढाण्याच्या फेऱ्या मारणारा एक जीपवाला, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर आणि मावशी. नियम एकच होता. ज्याची पाळी, त्यानेच आपलं पान वाचायचं. तो अडखळला तरी दुसऱ्याने पुढचा शब्द पुरवायचा नाही.

हा नियम मावशींसाठीच केलेला होता. मी ज्या शाळेत शिकवायचो तिथे त्या खिचडी शिजवायच्या, आणि वाचायला शिकल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. ओळीखाली बोट ठेवून वाचत. सात डोक्यांच्या श्वापदापाशी त्यांचं बोट थांबलं. "हे काऊन आलं बाप्पा मधातच," म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या.

मी गणिताचा मास्तर. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या असलेलं पुस्तक हाती आल्यावर मी कसला गप्प बसतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेनने तक्ता काढला. एका बाजूला शास्त्रातल्या खुणा, दुसऱ्या बाजूला पेपरातल्या बातम्या. लढाई, भूकंप, साथ. बातमी जुळली की लाल टिक. प्रभू परत येण्याचा दिवस कोणालाच ठाऊक नाही असं शास्त्रच सांगतं, म्हणून तारीख मी कधी काढली नाही. नुसतं म्हणायचो, "आता थोडंच राहिलं." सगळे माना डोलवत आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढत जाई.

एका रविवारी वाचन संपल्यावर मावशींनी चहाची बशी खाली ठेवली.

"सर, बुलढाण्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगतला. आपरेशन लवकर करा म्हन्ते. करू का राहू देऊ? तुमी म्हन्ता दिवस थोडेच राह्यले. मंग प्रभू आला का नवं शरीरच भेटन आपल्याले."

त्यांनी इतकं सरळ विचारलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की मावशी, उद्याच जा. पण पाठीमागे तक्ता लटकत होता, लाल टिकांनी भरलेला. जा म्हटलं असतं तर सगळ्यांदेखत माझाच तक्ता खोटा पडला असता. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, काचबिंदूत गेलेली नजर..." मी त्यांना मध्येच तोडलं. "आधी प्रार्थना करू," म्हणालो, आणि सगळ्यात आधी डोळे मिटले. प्रार्थनेच्या आड लपता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच आठवड्यात मी बुलढाण्याला जाऊन नवा चष्मा करून आणला होता. दुकानदाराला दोनदा विचारलं होतं, की फ्रेम टिकेल ना चार-पाच वर्षं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

जीपवाल्याने नंतर दोनदा विचारलं, "मावशी, चाला, दवाखान्याच्या दारात सोडतो." मावशींचं उत्तर ठरलेलं होतं. "सरनं प्रार्थना सांगतली हाय." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि तरी बोललो नाही. नाताळापर्यंत त्यांचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याला फक्त उजेड कळत होता. मग सिस्टरच त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. ऑपरेशन झालं, पण गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो तक्ता मी नाताळात उतरवला. पश्चात्तापाने नव्हे, भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून.

मावशी येत राहिल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकायच्या. त्यांची पाळी आली की सगळे खाली बघायचे, आणि बायको त्यांचं पान वाचायची.

परवाच्या रविवारी बाकीचे लवकर गेले, बायको आत कामाला लागली. मावशी नातवाची वाट बघत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी चुकलो. मला ठाऊक होतं, तरी सांगितलं नाही. माझा तक्ता खोटा पडेल म्हणून." मला माझीच लाज वाटत होती.

माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून त्या म्हणाल्या, "तवा मले दिसत होतं न, सर. तुमच्या डोयावर नवा चष्मा होता. पाह्यला मी. म्हटलं, सरले वाचून दाखवा लागते, त्याह्यले पाह्यजेच. आपल्याले काय, आयकलं तरी भागते."

मी चष्मा काढून हातात धरला. त्यांना ते दिसणार नव्हतं.

"आज माह्यी पाळी होती," त्या म्हणाल्या. "वयनी इसरल्या आज. वाचा."

मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्यांचं पान वाचलं.