शिफ्ट शिकवताना

“तू ये इकडं. तू शून्य.”

सर मलाच म्हणाले. परभणीतला कॉम्प्युटर क्लास. जावास्क्रिप्ट चालू होतं. एकाच नावाखाली ओळीनं ठेवलेल्या गोष्टी म्हणजे ॲरे, त्यातली प्रत्येक गोष्ट तिच्या नंबरनं ओळखायची, आणि नंबर शून्यापासून सुरू होतात, एवढं फळ्यावर सांगून झालं होतं. आता आम्हालाच ओळीत उभं केलं. सगळ्यात पुढं मी. माझ्यामागं पूजा, तिचा नंबर एक. तिच्यामागं बाकीचे.

मला वाईट वाटलं नाही. ॲरेत पहिल्याचा नंबर शून्यच असतो. ते मला कळलं होतं.

मग सर म्हणाले, “आता शिफ्ट. शिफ्ट म्हणजे पहिला काढून टाकायचा.” मला दाराबाहेर जायला सांगितलं. मी गेले. पूजा शून्यावर आली, मागचे सगळे एकेक जागा पुढं सरकले.

“बघा,” सर हसून म्हणाले, “सवलतवाले काढले की बाकीच्यांचा नंबर लगेच वर येतो.”

वर्ग हसला. पूजाही हसली. ती रोज माझ्यासोबत डबा खायची.

पहिल्या दिवशीच सरांनी माझं गाव विचारलं होतं. वालूर म्हटल्यावर आडनाव विचारलं. आडनावानंतर काहीच विचारलं नाही.

मी बाहेरच उभी. कुणी आत बोलावलं नाही. सर पुढं शिकवत राहिले. ॲरेच्या शेवटी नवीन गोष्ट कशी जोडायची, लांबी कशी बघायची. ऐकू येत होतं, फळा दिसत नव्हता. दप्तर आत, म्हणून निघताही येईना. वर्ग सुटला. पोरं माझ्याकडं न बघता गेली.

घरी आईनं चेहऱ्यावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

“मी बी शिवणक्लासला गेले होते गं, लग्नाच्या आदी. मशीनला हात लावू दिला न्हाई. वसरीत बसून बघ म्हनले. मी परत गेलेच न्हाई. आजून दुसऱ्याकडूनच शिवून घ्यायलेय.”

इतक्या वर्षांत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. ती रडली नाही. मी रडले. आईला शिवायचं होतं, आणि मला ते माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. सरांनी उजळणी म्हणून पुन्हा ओळ लावायला सांगितली. सगळे उठले. मी बसून राहिले.

“सर, मी उठणार नाही. काल मला बाहेर काढलं ते शिकवायला नव्हतं. ॲरे फळ्यावर शिकवा.”

पटत नसेल तर क्लास सोड, असं ते म्हणाले.

“सोडत नाही.”

पूजा माझ्या शेजारची जागा सोडून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन बसली. सरांनी माफी मागितली नाही. खडू घेतला आणि फळ्यावर लिहायला लागले.

मी अजून जाते. एकटी बसते, एकटी जेवते. लय दुखतं. पुढच्या बॅचला आमच्या वस्तीतली एखादी पोरगी येईल, तेव्हाही मी या क्लासला असेन. तिला कुणी बाहेर उभं केलं, तर तिची समजूत घालायला मी बाहेर जाणार नाही. मी आतच उभी राहीन. ती आत आल्याशिवाय वर्ग चालू देणार नाही.