अर्ध्या वाट्याची मोटार

२० जानेवारी १९६३. ठरलेली किंमत तीन हजार दोनशे रुपये. त्यांपैकी एकशे एक रुपये इसार म्हणून मी यवतमाळच्या एका अडत्याच्या हातावर ठेवले. हजर आम्ही तिघे: अडत्या, मी आणि माझा मेहुणा. गाडी काळी, विलायती, पुढचा एक दिवा फुटलेला, पण इंजिनाचा आवाज चांगला.

मेहुण्याची जिनिंगमधली नोकरी सुटली होती. बोरी अरब ते यवतमाळ टॅक्सी चालवून तो आपलं घर सांभाळील, या हिशेबाने माझ्या साठवणीत भर म्हणून बायकोने पाटल्या मोडल्या होत्या. दुसऱ्या पाटल्या घरात नव्हत्या.

इसार दिल्याशिवाय कागद दाखवायचे नाहीत, अशी तिथली रीत. तो दिल्यावर मी नोंदणीचं पुस्तक मागितलं. शिक्का जुन्या मध्य प्रदेशाचा, म्हणजे छप्पनच्या आधीचा, आणि मालक म्हणून नाव बाभुळगावच्या एका ठेकेदाराचं. अडत्याचं नाव कुठेच नाही.

"हे कोण?" मी विचारलं.

"असन कोणी," अडत्या म्हणाला. "मुनीमजी, बैल घेतानी त्याच्या मायचं नाव इचारता का?"

मेहुणा हसला. मी मात्र विचारत राहिलो. तेव्हा गाडी बसस्थानकाजवळच्या एका मिस्त्रीने आपल्याला विकली, असं अडत्याने सांगितलं. बाकीचे पैसे गुरुवारपर्यंत आणा, नाहीतर दारव्ह्याचं गिऱ्हाईक तयार आहे आणि इसार बुडाला, हेही सांगून टाकलं.

मला घास गोड लागेना. टॅक्सी सुरू झाल्यावर तो ठेकेदार दारात येऊन उभा राहिला आणि माझी गाडी दे म्हणाला, तर? मेहुणा गाडीला रंग कोणता द्यायचा, ते बोलत होता. मी मिस्त्रीकडे निघालो तेव्हा तो चिडला.

"भाऊजी, तुम्ही गाडी घेऊन राह्यले का सोयरीक करून राह्यले?"

मिस्त्री एका ट्रकखालून बाहेर आला. माझा प्रश्न ऐकून त्याने हात पुसले.

"मी कायले विकीन साहेब? माही होती का ते? ठेकेदार वारले, गाडी बंद पडेल होती. बाईनं मले अर्ध्या वाट्यानं देली."

आमच्याकडे गाय अशी देतात. सांभाळणारा चारापाणी करतो आणि विकली की किंमत दोघांत अर्धी अर्धी. मोटार अशी दिल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मिस्त्रीने इंजिन उभं केलं, त्याच्या सामानासाठी अडत्याकडून आठशे रुपये उसने घेतले आणि गाडी तारण म्हणून त्याच्याच दारात लावून ठेवली. पैसे फिटले नाहीत. अडत्याने गाडी आपलीच धरली.

बुधवारी मिस्त्रीला घेऊन बाभुळगावला गेलो. ठेकेदाराची विधवा पत्नी ओट्यावर तूर पाखडत होती.

"मिस्त्रीभाऊ, लय दिसानं आले. गाडी बरी हाय ना?"

गाडी विकायला निघाली आहे, हे तिच्या कानावरच नव्हतं. मी किंमत सांगितली. तिने सूप खाली ठेवलं.

"माहा वाटा माह्या हातात पडन, तवाच सही. पोरगाही सही करन, वारस आहे तो."

गुरुवारी सगळे अडत्याच्या गादीवर जमलो.

"मुनीमजी, तुमाले गाडी पायजे होती का पंचायत?" अडत्या म्हणाला.

"सही पायजे होती. तिच्याबिगर गाडी माह्या नावावर होत नाही. दारव्ह्याच्या गिऱ्हाइकाच्याही होत नाही."

त्याने अडकित्ता बाजूला ठेवून हिशेबाची वही ओढली. मग म्हणाला, "माहे आठशे तेवढे टाका."

मायलेकांनी सह्या केल्या. मेहुण्याने त्याच संध्याकाळी गाडी बोरी अरबला आणली. कचेरीतून माझं नाव चढून पुस्तक हातात येईपर्यंत मी काही तिच्यात बसलो नाही.

दिलेले पैसे असे: बाईला सोळाशे. मिस्त्रीच्या सोळाशेतून आठशे अडत्याचे. इसाराचे एकशे एक त्याच्याकडे होतेच, वर सहाशे नव्याण्णव दिले. उरलेले आठशे मिस्त्रीला.