लाल फडक्याचा आंबा

आमच्या सासऱ्यांना घाई फार. रेल यायच्या आधीच त्यांनी तिच्यापायी आंबा तोडला.

केजहून धर्मापुरीकडे रेल जाणार, अशी हूल उठली होती. माझं माहेर त्याच अंगाला. "सकाळच्या गाडीनं म्हायेरी जा, सांजच्या गाडीनं परत ये," सासरे मला सांगत, जसे काही रूळ आमच्या अंगणातच येऊन पडले होते. मग निजाम सरकारचे मोजणीवाले आले. दिवसभर दुर्बिणीतून बघत राहिले आणि जाताना आमच्या बांधावरच्या खोबऱ्या आंब्याच्या शेंड्याला लाल फडकं बांधून गेले.

खोबऱ्या म्हणजे चवीला ओल्या खोबऱ्यासारखा. दरवर्षी त्याची पहिली टोपली माझ्या आईला वानवळा म्हणून जायची. आईला दात उरले नव्हते. ती वर्षभर या आंब्याची वाट पाहायची.

"फडकं बांधलं म्हंजी झाड सरकारजमा झालं," सासरे म्हणाले. "त्यायनं न्यायच्या आत आपणच पाडू. लाकूड तरी ऱ्हाईल."

"मामंजी, त्यायला इचारा तरी. मोहोर आलाय."

"तुला काय कळतंय सरकारातलं?"

मोहोरासकट झाड पाडलं. खुरपायला आलेल्या बायकांनी दुपारची भाकरी आता कुठल्या सावलीत खायची, हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आठवड्यानं मोजणीवाले परत आले आणि दुर्बीण लावून आमचा आंबा शोधत बसले. "वो झाड किदर गया?" त्यांचा अमीन, म्हणजे मोजणीचा अंमलदार, खेकसला. उंच झाड लांबून दिसतं, म्हणून फडकं नुसतं खुणेला बांधलेलं होतं. रेल जायची होती टेकडीपलीकडून. मला इतका संताप आला, की त्या दिवशी सासऱ्यांना साधं पाणीही विचारलं नाही. मोजणीवाले गेले ते गेलेच. रेलही आली नाही.

वैशाखात नेहमीसारखी आईची टोपली आली, कुरडया-पापडांनी भरलेली. आलेली टोपली रिकामी परत पाठवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. आता त्यात घालू काय? मी दोन दिवस चिडचिड करत होते. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गाडी जुंपली, केजच्या बाजारातून आंबे घेतले आणि टोपली स्वतः आईकडे पोचवून आले.

"काय म्हनली आई?" मी विचारलं.

"एक चोखला," ते म्हणाले. "मंग मला इचारलं, झाडाला बरं न्हाई का."

"तुमी काय सांगितलं?"

त्यांनी बैलांचे कासरे सोडले.

"पुढल्या साली आणतो म्हनलो."