तिच्या माणसांसाठी ठेवलेली गोळी

हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही — माझ्या नवऱ्याला. मी चौथीपर्यंत शिकले, लिहिताना हात अडतो. पण बोलायला गेले तर जीभच उचलत नाही. म्हणून तुम्हाला लिहून सांगते.

आमच्या आष्ट्यात रेहानाचं औषधाचं दुकान आहे. शिकून तिनं स्वतः उघडलेलं. कोरोनात सगळ्यांच्या तोंडी एकच अँटिबायोटिक होतं. ताप आला, द्या. येईल म्हणून, द्या. लोक ती पाकिटं साखरेच्या डब्यामागं साठवायचे. पलीकडचा दुकानदार मागेल त्याला द्यायचा. रेहाना मात्र डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय हात लावायची नाही. गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही म्हणायचं — तुमच्याच्यानं झालं असतं?

ह्यांना ताप आला तेव्हा मीही रांगेत गेले. "आवं काकी," ती म्हणाली, "ही गोळी ह्या तापावरची न्हवं. उगं खाल्ली, तर पुढं खरी गरज पडंल तवा लागू व्हायची न्हाई. काकांना डॉक्टरला दाखवा, मग मी हायच की."

बरोबरच बोलली. पण मागं कोणीतरी हसलं, आणि मला — मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नळावर जावेनं विचारलं, "मिळाली का गं गोळी?" आणि मी म्हणाले — मी, जिला चारचौघींत पाणी मागायची लाज वाटते — "हाय तिच्याकडं. पर तिच्या माणसांसाठी ठेवलीया."

एवढंच. जाऊ बाकीच्यांना म्हणाली, "ही कवा तोंड उघडत न्हाई. ही बोलली म्हंजे खरंच असणार बघा."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. बाया तिची पायरी चढेनात. जाता जाता कोणी ओरडायचं, "दे तुझ्याच माणसांना!" तिनं शटर ओढलं नाही. मास्क लावून उभी असायची.

आणि तीच रेहाना काकांचा ताप उतरला का विचारायला आमच्या दारात आली, बोटाला लावायचं यंत्र घेऊन. ह्यांचा ऑक्सिजन खाली गेलेला बघून तिनंच गाडी बोलावली, सांगलीला धाडलं. आज हे रोज कुपवाडला कामाला जातात. काही बाया अजून तिच्या दुकानात जात नाहीत. कोण बोललं होतं, हे तिला कळलं असेल का? ती अजून मला काकीच म्हणते.

एक राहिलं. त्या दिवशी रांगेत माझ्या पुढं तिचा सख्खा चुलता होता. त्यानंही तीच गोळी मागितली.

"चाचा, पैले डॉक्टर की चिठ्ठी लाओ."

"अपनोंकोच नई देती?" म्हातारा चिडला.

"नई, चाचा."

तो रिकाम्या हातानं माझ्या शेजारून गेला. मी बाजूला सरून त्याला वाट दिली होती.