उभारीचे तीन घाव

ती घटना आठवली की आजही आधी आठवते ती माझी प्रेस नोट. 'पोटच्या पोरावर जीवघेणा हल्ला. नराधम बाप तासाभरात गजाआड.' मजकूर माझाच. वरिष्ठांनी त्यात फक्त 'अवघ्या' हा शब्द घातला.

मी तेव्हा दारव्ह्याच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, लवकर या. शेजारच्या वावरात बाप पोराले उभारीनं मारून राह्यला." उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला लावतात तो लाकडी दांडा.

आम्ही पोचेपर्यंत बेशुद्ध पोराला त्या शेजाऱ्यानेच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. बाप गेला नव्हता. घामाघूम होऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसला होता.

"कशाला मारलं?"

"राग आला साहेब."

"कशाचा?"

"आला. म्या मारलं म्हनतो ना, लिवून घ्या."

"पोरगा तिकडे मरणाच्या दारात, आणि तुम्ही इथे?"

"तुम्ही येनारच होते."

हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, एवढा सरळ आरोपी नशिबानं भेटते." जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, बाप कोठडीत गेला.

दुपारी डॉक्टरांचा फोन. हात दोन ठिकाणी मोडला होता. डोक्याला साधं खरचटलंही नव्हतं. "आणि तळहातावर जळाल्याची सरळ काळी रेघ आहे. उभारीनं माणूस जळत नाही, ठाणेदारसाहेब."

पुन्हा वावरात गेलो. भोवती बांबूच्या खुंट्या, खुंट्यांवर प्लास्टिकच्या नळीचे तुकडे. तार मात्र नाही. ती तुरीत गुंडाळून लपवलेली सापडली. रानडुकरांसाठी तारेत करंट सोडणं गुन्हा आहे, तरी सोडतात. शेतीची वीज एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. त्या सकाळी पाळी बदलून दिवसाची वीज आली होती आणि तारेची जोडणी काढायची राहिली होती.

तारेचं भेंडोळं बापासमोर ठेवलं.

"हात चिकटला होता साहेब. दोन घावांत सुटला नाही. तिसरा जीव खाऊन घातला."

"तार पोरानं लावली होती?"

"तार लिवू नका. म्या मारलं, तेच राहू द्या."

"जन्म आत जाईल तुमचा."

"माही साठी झाली. त्याची पोरगी आता रांगून राह्यली."

पोरगा श्वास घेतोय एवढं पाहून हा माणूस मागे राहिला होता, तार गुंडाळायला.

तार मी लिहिली. उद्या तिच्यावर दुसऱ्याचं लेकरू गेलं असतं. पोरगा शुद्धीवर आला आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवला. बापाला म्हटलं, "तुम्ही सुटलात."

"मंग काय फायदा झाला साहेब?" एवढंच म्हणून तो भिंतीला टेकून रडू लागला. अटकेत तो रडला नव्हता.

बापाने मारलं, हे मी एका फोनवर मानलं. वाचवलं, हे मानायला डॉक्टर लागला, तार लागली. त्यानंतर कोणी झटपट कबुली दिली की मी लेखणी खाली ठेवायचो आणि आधी विचार करायचो, हा कोणाला पाठीशी घालतोय.