कोरी सोडलेली ओळ

समा भागातल्या देवळाच्या सभागृहात एका कवितेवरचा लघुपट दाखवत होते. कवितेत देव म्हणजे बाप. प्रत्येक कडव्याच्या शेवटी मूल "बाबा!" अशी हाक मारी आणि पुढची ओळ कवीने मुद्दाम कोरी सोडली होती. त्या शांततेत माझ्या शेजारचे अनोळखी, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दर वेळी हळूच "ओ" देत.

दिवे लागल्यावर मी विचारलं, "काका, मुलं कुठे असतात?"

"एकच मुलगा, कॅनडात. रोज फोन करतो हं," चष्मा पुसत ते म्हणाले. "पण फोनवर हाक कोण मारतं, भाई? हाक मारायला एका घरात राहावं लागतं."

लोक प्रसाद घेऊन निघाले. ते मात्र दुसऱ्या खेळासाठी तिथेच बसून राहिले.