लुसीच्या पापण्या

ख्रिस्ती संतांच्या मूर्तींच्या त्या कारखान्यात तिला सगळे डोळेवाली म्हणत. कुणी साचे भरायचा, कुणी हात बसवायचा, कुणी झग्याच्या घड्या रंगवायचा. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, आणि तेही हिनेच. बारीक ब्रशने बुबुळात पांढरा ठिपका ठेवायची आणि मूर्तीला म्हणायची, "घ्या, आता बघा आमची थेरं."

तिथे संत तोंडावरून ओळखत नाहीत. तोंडं सारी दोन-तीन साच्यांतली. ओळखायचं ते हातातल्या वस्तूवरून. किल्ल्या असल्या की पेत्र. स्वतःची सोललेली कातडी हातावर टाकलेला बार्थलमय. चिमट्यात दात धरलेली अपोलोनिया. तिच्यापुढे दातदुखीवाले हात जोडतात. ज्यानं छळलं, तेच जन्माचं ओळखपत्र! मी बायकांच्या संघटनेची, कामानिमित्त तिथं जायची; हे बघून माझं डोकंच फिरायचं. एकदा तसं बोलले, तर डोळेवाली हसली.

"अगं ताई, तू मोर्चात फलक धरतेस ना? हा यांचा फलक. आमचं काय केलंत ते बघा, म्हणतात."

हे मला सुचायला हवं होतं. म्हणून आणखी चिडले.

लुसीवर तिचा जीव. लुसीच्या हातात ताटली, ताटलीत तिचे दोन डोळे, आणि चेहऱ्यावर पुन्हा दोन. डोळेवालीची लेक कारखान्यात प्लास्टरच्या पोत्यांवर खेळून वाढली, तिला आईनं सांगितलेली गोष्ट अशी: एका तालेवाराच्या पोराला लुसीच्या डोळ्यांचं वेड लागलं, तिनं ते काढून त्याला पाठवून दिले, मग देवानं तिला नवे दिले, आधीपेक्षा देखणे. मी वाचनालयात बसून वाचलं ते निराळं. जुन्यात जुन्या कथेत डोळ्यांचा पत्ताच नाही. मरण आहे ते गळ्यावरच्या घावानं. लॅटिन भाषेत तिच्या नावात उजेड आहे, त्यावरून पुढच्यांनी डोळे चिकटवले असावेत. बाईनं आपणहून डोळे काढून दिले ही गोष्ट कुणाच्या सोयीची, ते मला कुणी शिकवायला नको.

लेक मोठी झाली आणि तिच्याही मागे तसाच एक लागला. तिनं नाही म्हटलं. हिनं काही काढून दिलं नाही. तोच ॲसिडची बाटली घेऊन आला.

तो आत आहे. त्याच्यावर इथं याहून जास्त शाई घालवणार नाही.

इस्पितळाच्या बोळात डॉक्टरांनी आम्हा दोघींना सांगितलं, नजर परत येणार नाही. डोळेवालीनं माझं मनगट आवळलं. "तिला सांगायचं नाही."

"कधीच नाही? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"चार घास पोटात जाऊ देत तिच्या. तू केसचं बघ. लेक माझी आहे."

पोलिसांशी भांडता येतं. आईशी कसं भांडायचं?

ती लेकीला सांगत राहिली, "लुसीला नाही का आले? धीर धर, बाळा." आणि लेक धीर धरून बसली. तिथंच सगळं अडलं. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या बाई घरी आल्या, तर तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "थोड्या दिवसांसाठी कशाला शिकायचं?" आई लावेल तिथं बसायची, उठवेल तेव्हा उठायची. एवढी तरणीताठी पोर, पण तिचं आयुष्य खुंटीला टांगून ठेवलेलं.

अशात एका चर्चमधली जुनी लुसी दुरुस्तीला आली. चेहऱ्याचा वरचा भाग झडलेला. डोळेवालीनं प्लास्टर लावून पापण्या नव्यानं घडवल्या. मुकादम येऊन बघतो तर काय!

"अगं, हिला झोपवलीस की काय? डोळे मिटलेत हिचे!"

ती मूर्तीकडे बघतच राहिली. जन्मभराचा हात, आणि त्यानं तिला न विचारताच पापण्या मिटवल्या होत्या. "वाळू दे," ती पुटपुटली, "पटाशीनं उघडते उद्या."

त्याच दुपारी मी लेकीला घेऊन कारखान्यात गेले. घरात कंटाळले म्हणाली होती. दाराशीच मुकादमाचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "काका, समोर कोण आहे?"

"लुसी," मुकादम बोलून गेला.

"बघू." हा शब्द तिनं सोडला नव्हता.

"अगं, ओलं आहे!" आई आतून धावली, पण बोटं पोचली होती. आधी ताटली. त्यातले दोन गोल डोळे चाचपून लेक जरा हसली. मग दंडावरून, गळ्यावरून वर. पापण्यांपाशी बोटं थांबली. परत फिरली. परत थांबली.

"आई, हे मिटलेत."

"चुकून झालं गं. उद्या उघडणार आहे."

"तुझा हात कधी चुकतो?"

डोळेवालीनं ओल्या पापणीवरचा तिच्या बोटाचा ठसा अंगठ्यानं सारखा केला.

"म्हणजे माझे येणार नाहीत."

आईनं तिचा हात धरला. तिनं तो ओढून घेतला. "ताई, तुला माहीत होतं?"

"हो."

"काका, तुम्हाला?"

मुकादमानं मान खाली घातली. ते तिला कुठून दिसणार? पण कळलं. "म्हणजे गावाला माहीत, मीच तेवढी खुळी. आता एक करा, माझ्या हातात बाटली द्या. लांबूनच ओळखतील लोक."

 

लुसीच्या पापण्या डोळेवालीनं दुसऱ्या दिवशी उघडल्या. चर्चची मूर्ती ती, उघडाव्याच लागल्या. डोळे रंगवलेही चांगले. लेकीनं त्या बाईंना स्वतः निरोप धाडून बोलावलं आणि काठी शिकली. आईशी मात्र जेवढ्यास तेवढं. आईनं हात धरलेला चालत नाही, कोपर धरलेलं चालत नाही.

आता ती त्या बाईंकडे शिकवणीला एकटी जाते. डोळेवाली मागून जाते, पाऊल वाजू नये म्हणून चपला हातात घेऊन, खडीवरून अनवाणी. परवा मी समोरून येत होते. वळणावर लेक थांबली. मागं न वळता म्हणाली, "आई, घरी जा."

आई जागच्या जागी थबकली. ना गेली, ना ओ दिली. लेकीनं क्षणभर कान दिला आणि काठी टेकवत पुढं निघाली.